भगवंती मॅडमची तिरकी रेघ

औषधाच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला डॉक्टर आधी चिठ्ठीतून भेटतो, प्रत्यक्ष नंतर कधीतरी. मी अंबरनाथची. उल्हासनगरचा चार नंबरचा कॅम्प मागे टाकून अंबरनाथकडे निघालं की त्या अंगाला आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल लागतं. तिथल्या औषधाच्या खिडकीत मी अठरा वर्षं बसते आहे. एवढ्या वर्षांत चिठ्ठी हातात आली की डॉक्टरांची तब्येत, मूड, आणि जेवण झालंय की नाही, हेसुद्धा मला कळायला लागलं. आमचे एक डॉक्टर कुणालाही ताकदीच्या गोळ्या लिहिल्याशिवाय सोडत नाहीत, देवळातून कुणी प्रसाद न घेता जाऊ नये तसं. दुसऱ्या एकांचं अक्षर वाचायला मी सुरुवातीची दोन वर्षं शेजारच्या शिपायाची मदत घेत असे. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांचं अक्षर येत होतं.

भगवंती मॅडमची पहिली चिठ्ठी मात्र मी परत पाठवली. त्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर. आमच्याकडे नव्यानंच आल्या होत्या. चिठ्ठीवर पहिलीच्या मुलासारखं सुटं, ठळक, मोठ्या लिपीतलं अक्षर. औषधं दोनच. कंपनीचं नाव नाही, औषधाचं मूळ नाव. आणि त्याखाली उरलेल्या सगळ्या कोऱ्या जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तिरकी रेघ. मला वाटलं, चिठ्ठी रद्द केली. मी पेशंटला सांगितलं, डॉक्टरांना विचारून या.

पेशंट आला नाही, मॅडमच आल्या. बुटक्या, गोलमटोल, सुती सलवार-कमीज, पायात कॅनव्हासचे बूट, आणि कपाळावर कान बघायचा दिवा. तो दिवा त्या बाहेर पडतानाही काढायच्या नाहीत. कॅन्टीनवाल्याशी बोलताना तो चालू राहिला की बिचारा डोळे मिचकावत चहा ओतायचा.

"चिठ्ठी कोणी परत केला?"

"मी केली, मॅडम."

"वाचता नाही आला?"

"वाचता आलं. पण तुम्ही त्यावर काट मारलीये."

"काट नाय पुट, कुलूप आहे. याच्या खाली कोणी काय लिहायचा नाय." मग जाता जाता मागे वळून म्हणाल्या, "मी पण नाय."

मॅडमचा जन्म चार नंबर कॅम्पातला. घरात सिंधी, गल्लीत हिंदी आणि बाकी सगळीकडे त्यांची स्वतःची मराठी. तिच्यात नाक पुल्लिंगी आणि घसा स्त्रीलिंगी असायचा. लहान-मोठा कुणीही त्यांच्या लेखी 'पुट', म्हणजे बाळ. मिशीवाला हवालदार असला तरी पुट. फार राग आला तर 'साईं', म्हणजे साहेब. मॅडमनी एखाद्याला 'ऐका साईं' म्हटलं की बाहेरच्या बाकावरचे लोक पाय सावरून बसत.

त्यांच्या टेबलावर लोणच्याची मोठी काचेची बरणी असायची. तिला त्या 'कानातले दागिने' म्हणत. त्यात आगपेटीच्या काड्या, केसांच्या पिना, पेनाची टोपणं, कापसाच्या काड्या, जीन्सच्या कारखान्यातल्या धागा ओढायच्या आकड्या, एक तुटका चष्म्याचा दांडा. लोकांनी ज्या ज्या वस्तूंनी कान कोरले ते सगळं तिथं जमा व्हायचं. वस्तू बरणीत टाकल्याशिवाय तपासणी नाही, असा दंडकच. एकदा एका रिक्षावाल्यानं कबूल केलं की तो रिक्षाच्या किल्लीनं कान खाजवतो. मॅडमनी हात पुढे केला. त्यानं दिली. मॅडमनी ती बरणीत टाकली, झाकण लावलं आणि कान बघून चिठ्ठी लिहून दिली.

"मॅडम, चाबी तो दे दो. रिक्षा गेट के सामने खड़ी है."

"मग तिकडेच राहील."

बाहेर हॉर्नांचा कल्लोळ सुरू झाला. वॉचमन पळत आला. शेवटी त्या माणसानं रिक्षेवरच्या देवाची शपथ घेतली, तेव्हा किल्ली सुटली. त्याच्या चिठ्ठीवर पहिल्या नंबराला देवनागरीत लिहिलं होतं, 'किल्ली कानात नाही'. दुसऱ्या नंबराला थेंब. मग रेघ. तो रिक्षावाला पुढे स्टेशनवरून आमच्या हॉस्पिटलला येणाऱ्या प्रत्येक सवारीला वाटेतच विचारायचा, कान में क्या डालते हो, सच बोलना.

मॅडमची दुसरी ठेव म्हणजे पापडाचा डबा. सिंध्यांच्या घरी पाहुणा आला की आधी पापड आणि पाणी पुढे येतं. मॅडमना हॉस्पिटलही घरच वाटत असावं. भाजलेले, मिरी टोचलेले पापड त्या रोज डबा भरून आणत. दुपारी माझ्या खिडकीच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसून आम्ही दोघी ते खायचो. पण अर्धे पापड ओपीडीतच संपायचे, कारण ऐकू येतं की नाही ते बघायची त्यांची पहिली पायरी पापडाची. मशीनवरची तपासणी नंतर. पेशंटला भिंतीकडे तोंड करून बसवायचं, मागे उभं राहून कुडुम करून पापड मोडायचा. लहान मूल असेल तर ते लगेच वळून हात पुढे करायचं, आणि मोडलेला पापड त्याला मिळायचा.

एकदा अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका फिटरला त्याची बायको धरून घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. गॅस संपला म्हणून चार वेळा सांगितलं." मॅडमनी दार उघडं ठेवून, पार कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन पापड मोडला. तो गृहस्थ आत बसल्या जागी वळून म्हणाला, "कोण पापड खातंय?" बायकोनं कमरेवर हात ठेवले. मॅडमनी मशीनवरही कान तपासले, चिठ्ठीवर एकही औषध लिहिलं नाही, वरपासून खालपर्यंत रेघ ओढली आणि ती नवऱ्याच्या नव्हे, बायकोच्या हातात दिली. "ह्याचा कान एकदम चांगली आहे. बाकीचा माझ्या डिपार्टमेंटमध्ये नाय."

या रेघेचं पुढे कुळगावात भलतंच झालं. तिथल्या एक आजी सर्दी झाली म्हणून आल्या. लुगडं नेसलेल्या, ताठ, भाताच्या कापणीतून थेट आलेल्या. मॅडमनी तपासून सांगितलं, औषध नको, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा, वाफ घ्या, पाच दिवसांत जाईल. चिठ्ठीवर नुसती रेघ. आजी ती चिठ्ठी घेऊन माझ्या खिडकीशी आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"दे."

"आजी, औषध लिहिलेलं नाहीये."

"येवरे लांबशी आयले, न रिकाम्या हातान जाऊ?"

मी मॅडमना बोलावलं. मॅडमनी आजींना माझ्याच स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, पापड दिला, आणि चिठ्ठी उलगडून म्हणाल्या, "आजी, हा रेघ बघा. जेवढा औषध कमी, तेवढा रेघ मोठा. आज सकाळपासून एवढा मोठा रेघ कोणाला नाय दिला. तुम्ही नशीबवान." आजींनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, घडी करून कनवटीला लावली आणि गेल्या.

पंधरा दिवसांनी कुळगावच्या चार बायका एकदम आल्या. ओपीडीतून बाहेर पडल्यावर बाकावर बसून त्यांनी चौघींच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या आणि रेघा मोजल्या. तिघी खूश. चौथीची आखूड निघाली, कारण तिच्या कानाला खरोखर औषध लागत होतं. ती परत आत गेली आणि मॅडमना म्हणाली, "माझी वाईच वाढवून द्या ना." मॅडम हसता हसता खुर्चीतून घसरायच्या बेतात होत्या. तिला म्हणाल्या, सात दिवस औषध नीट घे, परत ये, मग वाढवते. ती बाई सात दिवसांनी औषध पूर्ण करून आली आणि आपली मोठी रेघ वसूल करून गेली. कोर्स पूर्ण करा म्हणून मी खिडकीतून अठरा वर्षं ओरडते आहे, माझं कुणी ऐकलेलं नाही. मला तेव्हा थोडा हेवा वाटला.

आता मुख्य गोष्ट सांगते. मॅडमच्या निवृत्तीला चार महिने राहिले असताना आमच्या अधीक्षक सरांनी ठरवलं की प्रत्येक ओपीडीत डॉक्टर काय लिहितात याचा हिशेब काढायचा. एका चिठ्ठीवर औषधं किती, अँटिबायोटिक किती वेळा, इंजेक्शन किती, मूळ नावानं किती. काम माझ्याकडे आलं, कारण सगळ्या चिठ्ठ्यांच्या प्रती माझ्या कपाटात. सर म्हणाले, "कान-नाक-घशापासून सुरुवात करा. चांगलं उदाहरण पुढे ठेवू, मग बाकीच्यांना बोलता येईल." मॅडमनाही ठाऊक होतं की त्यांच्या चिठ्ठ्या देखण्या. "लिही लिही, भरपूर लिही," असं त्या मला पापड खाता खाता सांगायच्या. सर्दीला अँटिबायोटिक लिहिणाऱ्या डॉक्टरांबद्दल त्या जे बोलायच्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एकूण आकडा सुरेखच आला. तेवढ्यावर मी थांबले असते तर सगळे सुखी राहिले असते. पण मला चौकसपणाची खोड. मी चौकटीच्या कागदावर वारांप्रमाणे खांब काढले. सोमवार बुटका, मंगळवार बुटका, बुधवार, गुरुवार तसेच. शुक्रवारचा खांब एकटाच उंच. शुक्रवारी मॅडमच्या चिठ्ठ्यांवर अँटिबायोटिक इतर दिवसांपेक्षा कितीतरी जास्त. मी पुन्हा मोजलं. तोच खांब.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. एमआयडीसीला शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी आमच्या बाकांवर कारखान्यांतले लोक. केमिकलवाले, फिटर, पॅकिंगच्या बायका, आणि त्यांच्याबरोबर कॅम्पातले जीन्स शिवणारे. सगळ्यांना एकच दिवस मोकळा. मंगळवारच्या पेशंटला मॅडम सांगायच्या, औषध नको, दोन दिवसांनी दाखव. शुक्रवारच्याला असं सांगून उपयोग नव्हता. तो पुढच्या शुक्रवारीच येणार. तोवर वाढलं तर? म्हणून 'असू दे' म्हणत आधीच एक अँटिबायोटिक. त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

मी तो कागद दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. मला धीर होईना. सरांना दाखवला तर सर म्हणाले, "वारांचं तुम्हाला कुणी विचारलंय? एकूण आकडा द्या. बाई चार महिन्यांत जाणार आहेत, जाऊ द्या सन्मानानं." मला ते पटलंही. पण तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडम स्टुलावर येऊन बसल्या, डबा उघडला आणि विचारलं, "काय पुट, दोन दिवस माझ्याकडे बघत नाय तू. काय निघाला?"

मी कागद पुढे केला. मॅडमनी कपाळावरचा दिवा लावला आणि त्या उजेडात तो कागद बराच वेळ पाहिला. हातातला पापड तसाच राहिला. मी म्हटलं, "मॅडम, एकूण चांगलंच आहे. हे वारांचं देणार नाहीये मी."

"का नाय देणार?"

"सर म्हणाले..."

"सरला सांग, साईं, पहिल्या पानावर लाव."

मग दिवा बंद करून, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ज्याला सुट्टी नाय, त्याला मी जास्तीचा गोळी देते. म्हणजे डॉक्टर नाय भेटला, त्याच्या बदल्यात गोळी. हे मी तीस वर्ष केला असेल, वैशाली. आता चार महिन्यात हा खांब खाली आणून जायचा." त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. मला त्या क्षणी त्या फार आवडल्या.

पुढच्या शुक्रवारपासून चिठ्ठीवर नवीनच औषध दिसायला लागलं. ज्यांचं थांबून बघण्यासारखं होतं त्यांच्या चिठ्ठीवर 'सोमवार, साडेसहा, गेट' असं लिहिलेलं. ज्यांना खरोखर हवं होतं त्यांना औषध. मग रेघ. कारखाने सुटले की माणसं आमच्या गेटवरूनच घरी जातात. मॅडमचं म्हणणं, त्यांना आत यायला, केस पेपर काढायला वेळ नाही, तर मी बाहेर उभी राहते. वाटेत दोन मिनिटं थांबा, घसा दाखवा, जा.

पहिल्या सोमवारी त्या दिवा लावून गेटशी तासभर उभ्या राहिल्या. एकही माणूस आला नाही. वॉचमननं खुर्ची आणून दिली, ती घेतली नाही. मी घरी जाता जाता थांबले, तर म्हणाल्या, "तू जा, तुला उशीर होईल." मी गेले नाही. उगाच दोघी रस्त्याकडे बघत उभ्या राहिलो. सायकलवरून, टमटममधून, चालत माणसं जात होती. त्यांतली निम्मी मॅडमची पेशंट, पण एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई आपल्यासाठी रस्त्यावर उभ्या असतील हे कुणाच्या डोक्यात येईल? कुणाची तरी वाट बघत असतील, असं समजून लोक नमस्कार करून पुढे जात होते.

दुसऱ्या सोमवारी एक जण थांबला. दत्ता नावाचा, जीन्सच्या कारखान्यातला इस्त्रीवाला. केसांत निळसर तूस. शुक्रवारी घसा लाल म्हणून आला होता. "मॅडम, घसा तर बरा झाला. तरी म्हटलं, तुम्ही लिहिलंय तर दाखवून जातो." मॅडमनी त्याला आ करायला लावलं, दिवा मारला, आणि इतक्या मोठ्यांदा "एकदम बरा" म्हणाल्या की पलीकडच्या टपरीवाल्यानं मान वर केली. दत्तानं हे कारखान्यात सांगितलं असणार, कारण तिसऱ्या सोमवारी सहा जण होते. मग रांगच. त्यातले पुष्कळसे बरे झालेले. पण बरं झालेलंही कुणाला तरी दाखवायला माणसाला आवडतं, हे मला त्या रांगेनं शिकवलं. बायका पदर सावरून आ करत, पुरुष मिशा वर धरत. एखाद्याचं वाढलेलं दिसलं की मॅडम त्याला तिथून सरळ माझ्या खिडकीत पाठवत. सरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग एक बाक पाठवला, मग एक दिवस स्वतःचाच कान दाखवायला रांगेत उभे राहिले. मॅडमनी त्यांच्याकडूनही खिशातली पिन काढून घेतली.

निरोपाचा कार्यक्रम नेमका सोमवारी ठेवला गेला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वरच्या हॉलमध्ये साडेसहाला हार, शाल, भाषणं. मॅडमनी मोरपंखी रंगाची साडी नेसली होती. ती त्यांना सवय नसल्यानं चालताना दर चार पावलांनी तपासावी लागत होती. सुरुवातीलाच एक मोठा गुच्छ त्यांच्या हातात दिला गेला. मी शेवटच्या तीन महिन्यांचा कागद घेऊन बसले होते. सरांनी सांगितलं होतं, भाषणानंतर तुम्ही तो वाचून दाखवा. सरांचं भाषण झालं, टाळ्या वाजल्या, आणि बघतो तर खुर्ची रिकामी. शाल खुर्चीवर, बाई नाही.

मी जिन्यावरून खाली धावले. कुठे असतील ते मला ठाऊक होतं.

गेटवर रांग होती. मॅडम मोरपंखी साडीत, पदर कमरेला खोचून, कपाळावर दिवा लावून एका फिटरच्या कानात वाकल्या होत्या. गुच्छ त्यांनी रांगेतल्या पुढच्या माणसाला धरायला दिला होता. तो दत्ताच होता. एवढा मोठा गुच्छ जन्मात पहिल्यांदा हातात आल्यासारखा दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा.

"मॅडम, वर सगळे थांबलेत," मी म्हटलं.

"ह्यांना उद्या पण ड्युटी आहे. त्यांना सांग, दहा मिनिट." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाल्या, "आणला? दाखव."

मी कागद त्यांच्या दिव्याखाली धरला. शुक्रवारचा खांब खाली आला होता. सोमवार, बुधवार, गुरुवार यांच्या रांगेत मुकाट उभा. मला वाटलं, आता हसतील, मिठी मारतील. त्या कपाळाला आठी घालून बघत राहिल्या आणि मंगळवारवर बोट ठेवलं.

"हा मंगळवार थोडा वर का?"

"अगदी किंचित आहे, मॅडम."

"मंगळवारी कोण बसतो?"

"तुम्हीच."

त्यावर त्या एवढ्या हसल्या की रांगही हसायला लागली, कारण न कळताच. डोळे पुसत त्यांनी दत्ताच्या खिशातला पेन घेतला, माझा कागद वॉचमनच्या टेबलावर ठेवला, मंगळवारच्या खांबाखाली 'बघणे' असं लिहिलं. मग खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, तिरकी रेघ ओढली आणि कागद मला परत दिला.

"घे पुट," म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला आ करायला सांगितलं.

मी तो कागद घेऊन जिना चढू लागले. अर्ध्यावर थांबले, आणि कुळगावच्या त्या आजींसारखाच तो डोळ्यांजवळ धरून बघितला, लांब धरून बघितला. अठरा वर्षांत माझ्या खिडकीत आलेल्या रेघांत ती सगळ्यांत मोठी होती.